उसवण

सुभान पिंजाऱ्याचं चार दिवस एकच उत्तर होतं. "मशीन चालू हाय, ऐकू येत न्हाई."

शिरूरच्या बाजारतळामागं त्याचं गाद्यांचं दुकान. मशीन चालू असलं की कापूस भुरभुरत छताला लागायचा, आणि बंद असलं की आसमीनला येताना बघून सुभान ते चालू करायचा. लेकीच्या हातात कागद होता. पुण्यात एम.ए.ला तिचा नंबर लागला होता. हॉस्टेलच्या फॉर्मवर पालकाची सही पाहिजे होती आणि उद्या शेवटची तारीख.

विषय तत्त्वज्ञान.

आज मात्र ऐन दुपारी लाइट गेली. पट्टा थांबला, पातं थांबलं, आणि सुभानला ऐकू यायला लागलं.

"अब्बा, सही."

"ती पुस्तकं वाचून नमाज सोडलीस तर?"

"बी.ए.च्या तीन वर्षांत सोडली का?"

"अजून न्हाई सोडली, म्हणून तर भ्या वाटतंय."

तेवढ्यात दारात पिकअप थांबली. वरवंडचे सोपानराव उतरले. शेवंतीची शेती, गळ्यात तुळशीची माळ, आणि खांद्यावर दोरीनं बांधलेली जुनी गादी. वरवंडहून एवढ्या लांब यायचं कारण म्हणजे ही गादी सुभानच्या बापानं भरलेली होती. तेव्हा तो कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून गावोगाव हिंडायचा. सोपानरावांच्या अंगणात बसून, धनुकलीची तात टणटण वाजवत त्यानं ती भरली होती.

गादी खाली टाकून सोपानराव पाणी प्यायले, आणि बापलेकीचं तोंड बघून त्यांनी विचारलं, "काय रुसवाफुगवा चाललाया?"

आसमीननं सांगितलं.

"तत्त्वज्ञान? वा! आमच्याकडं सप्त्यात म्हाराज त्येच सांगत्यात की! म्हंजी पोरगी कीर्तन करनार व्हय, सुभानभाई?"

सुभानचा चेहरा पडला. चार दिवस तो एका गोष्टीला भीत होता, आता दुसरीच निघाली. "आसमीन! ह्ये तू मला बोलली न्हाईस!"

आसमीनला हसू आवरेना. "कीर्तन नाही हो अब्बा. सोपानमामा, महाराज उभे राहतात तेव्हा शेवट ठरलेला असतो. देव आहे, त्याचं नाव घ्या. मशिदीतही तसंच. आमच्या वर्गात शेवट ठरलेला नसतो. विचारत जायचं, आणि ते नेईल तिकडं जायचं."

"म्हंजी देव हाय का न्हाई, ह्येबी इचारता?"

"विचारतो."

"मंग काय ठरलं?"

"अजून नाही ठरलं. अडीच हजार वर्षं चाललंय."

"आन् त्येवढ्यासाठी हॉस्टेल!" सोपानरावांनी मांडीवर थाप मारली. सुभानही हसला. तुळशीची माळ आणि सुभानची जाळीची टोपी एका तालात हलली. आसमीननं फॉर्मची घडी घातली, पण ती जागची हलली नाही.

सुभान गादीकडं वळला. तळहातानं दाबून बघितली. गाठीच गाठी.

"उसवायची न्हाई बरं का," सोपानराव घाईनं म्हणाले. "वरनं नवी खोळ चढवा, बास. माझी कारभारीन गेली चैतात. तिच्या अंगाचा वळ हाय हिच्यात. मला गाठी टोचत्यात, म्हनून माझी पोरगी मागं लागली. न्हाईतर आणली नसती."

"न उसवता व्हायचं न्हाई, सोपानराव. वरनं दाबून गाठ फुटत न्हाई. आत हात घातल्याबिगर कापूस कुठला आन् गाठ कुठली, कसं कळायचं? माझ्या बापानं भरली म्हणून काय झालं? बापाचीबी उसवावीच लागती."

प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हे एका दमात सांगायचा. आजही सांगून गेला. आसमीननं फक्त फॉर्म या हातातून त्या हातात घेतला.

"गादीचं येगळं," सुभान पुटपुटला.

"मी कुठं काय म्हणाले?"

शेवटी सोपानरावांनी मान हलवली आणि डोळे मिटले. सुभाननं ब्लेडनं टाके कापले. अर्ध्या गादीतून कापूस निघाला, पिवळा पडलेला, पण अस्सल. पलीकडच्या अर्ध्यात त्याचा हात घुसला आणि थांबला. वरवर कापसाचा थर होता, आणि खाली चिंध्या. फाटकी लुगडी, धोतराचे तुकडे, पोत्याचं तरट.

"ही बाजू कुनाची?"

सोपानरावांनी डोळे उघडले. "कापसाची माझी. ती... तिची."

त्यांनी हिरव्या लुगड्याची एक चिंधी उचलली, बोटावर गुंडाळली, सोडली. "कापूस पुरला नसंल तवा," ते म्हणाले. "पाठ दुखती म्हनायची सारखी. आन् मी म्हनायचो, एकाच गादीवर झोपतो की आपन, मला कशी दुखत न्हाई?"

चिंधी परत बोटावर गुंडाळत ते म्हणाले, "दळताना एक ओवी म्हनायची. मला वाटायचं, देवाचं काय तरी हाय." त्यांनी ती गायली नाही, नुसती सांगितली.

*माझ्या वाट्याचं मऊ, देवा, धन्याला जाऊ दे,*
*बाभळीची काटी माझ्या पाठीला राहू दे.*

"बघितलंस?" सुभान लेकीवर उसळला. "म्हणून म्हणतो मी! मानूस सुखानं झोपला व्हता."

आसमीननं फॉर्म बाजूला ठेवला. ती सोपानरावांशेजारी टेकली. "मामा, उसवून चूक झाली का?"

"आज काय झोप लागायची न्हाई, पोरी." सोपानराव चिंध्यांकडं बघत राहिले. "पर ह्ये तिला ठावं व्हतं. सुभानभाईच्या बापाला ठावं व्हतं. तिच्या शेजारी झोपनाऱ्यालाच ठावं नव्हतं. रोज ओवी ऐकली, मान डोलावली. एक डाव इचारलं असतं, ह्ये काय म्हनतीस गं..." त्यांनी फॉर्मकडं बोट केलं. "सही कर, सुभानभाई."

लाइट आली. मशीन धडधडत सुरू झालं. सुभान उठला, आणि त्यानं बटण बंद केलं.

"उसवल्यालं परत शिवता येतंच असं न्हाई, आसमीन."

"शिवायचं का नाही, ते कापूस बघून ठरवीन."

"आन् नमाज?"

"आज पढते. उद्याचा खोटा शब्द देऊन तुमची सही घेणार नाही, अब्बा."

सुभान तिच्याकडं बघत राहिला. एक खोटा शब्द तिनं दिला असता, तर दोघांनाही सोपं झालं असतं. त्यानं बोटांचा कापूस शर्टला पुसला, पेन मागितलं, आणि दाभण धरावी तसं घट्ट धरून सही केली.

मग चिंध्या गोळा करून तो पोत्यात भरायला लागला.

"टाकू नका," सोपानराव म्हणाले. "माझ्या बाजूला भरा त्या. कापूस तिच्या बाजूला सारा."

"तिकडं आता कोन झोपतंय, सोपानराव? आन् तुमची पाठ दुखंल."

"दुखू दे की," सोपानराव म्हणाले. "कळंल तरी."