आराखड्यावरचं नाव

रहिमतपूरच्या घरात भाकरी थापता थापता दीपमाला मनातल्या मनात उंदरांचे गट पाडत होती. ती आणि नवरा ऋषिराज साताऱ्याला औषधशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात बरोबरच शिकत. पदवीसाठी प्रत्येकाला स्वतःचा एक प्रयोग करायचा होता. तिला तो सुचलाही होता: उंदराच्या टाचेच्या कंडरेत, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीत, कोलॅजिनेज हे रसायन टोचायचं, कंडरा झिजली की निर्गुडीच्या अर्कानं ती भरून येते का ते बघायचं.

"ऋष्या, तुज्या परयोगाचं कवा व्हणार?" सासू मनुबाईंनी विचारलं. "सुनेचं आदी झालं तर भावकीत तोंड दावायला जागा न्हाई. नवऱ्याच्या म्होरं बायकू आपल्यात चालत न्हाई!"

काय ही रीत! ऋषिराजच्या पोटात आधीच दुखत होतं. वर्गात सरांनी तिचं कौतुक केलं की याला घास गोड लागेना. त्यानं गुपचूप तिचा आराखडा उतरवला, वर स्वतःचं नाव घातलं. ओळखू येऊ नये म्हणून एक गट गाळला, नुसतं सलाईन टोचायच्या उंदरांचा.

दीपमालाला कळलं तेव्हा ती लय भांडली.

"तू पुढल्या वर्सी कर की," मनुबाई म्हणाल्या. "मला सातवीतनं काढली, मी कुटं रडले?" सुनेची पुस्तकं बघून त्यांचा केवढा जळफळाट व्हायचा!

प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीपुढं ऋषिराजनं मदतनीस म्हणून तिलाच शेजारी बसवलं. केवढं हे धाडस!

"सलाईनचा गट कुठंय?" अध्यक्ष राजेश्वरीबाईंनी विचारलं.

"तेवढेच उंदीर वाचतील, मॅडम."

"मग इजा रसायनानं झाली की नुसत्या सुईनं, कसं कळणार? बाकीचे फुकट मरतील."

ऋषिराजनं बायकोकडं पाहिलं. तिनं हळूच उत्तर सांगितलं असतं तर त्याचं काम झालं असतं. तिचा प्रयोग मात्र कायमचा त्याचा झाला असता.

दीपमाला उभी राहिली. तिनं पिशवीतनं वही काढली. "मॅडम, आराखडा माझा आहे. तो गट यांनी गाळलाय. ही माझी वही, सगळे गट तारखेनिशी लिहिलेत."

समितीनं वही वाचली आणि तिच्या नावानं नवा अर्ज मागितला.

त्या दिवशी सासूनं तिला ताट वाढलं नाही. तिनं स्वतः वाढून घेतलं आणि पोटभर जेवली.

"सुखानं गिळतीयास व्हय?" मनुबाई कडाडल्या. "नवऱ्याची अब्रू घालवून?"

"आवं आत्या, चोरी त्यांनी केली," ती म्हणाली, "आणि अब्रू मी घालवली?"

वाचकहो, मनुबाई भाकरीची दुरडी उचलून आत गेल्या. तुम्हांला उत्तर सुचतंय का?