उद्धरणं दोनशे बारा, उद्धार कुणाचा?

जीवशास्त्र संस्थेत परवा तपासणी समिती येणार, म्हणून सगळ्यांची नुसती तारांबळ उडाली होती. समितीपुढे ठेवायच्या अहवालाचं पहिलं पान डासांच्या अळ्यांवर काम करणाऱ्या बाईंचं. त्यांच्या एकाच शोधनिबंधाला दोनशे बारा उद्धरणं! म्हणजे दोनशे बारा ठिकाणी इतरांनी त्याचा आधार घेतलेला. संचालक तर भेटेल त्याला हा आकडा ऐकवत सुटले होते.

बाईंचा मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. ज्या उबपेटीत त्या अळ्यांवर औषधाचा प्रयोग केला, तिचा तापमापक दोन अंश कमी दाखवत होता, म्हणजे आतली ऊब निबंधात लिहिल्याहून दोन अंश जास्त होती, हे निबंध छापून आल्यावर त्यांना कळलं होतं. दुरुस्ती कळवू, कळवू म्हणत वर्ष गेलं. आणि आज दूरच्या एका विद्यापीठातल्या विद्यार्थिनीचं पत्र आलं: ‘सात महिने तुमचाच प्रयोग करतेय, अळ्या मरतच नाहीत. माझं काय चुकतंय? सर म्हणतात, तुझ्या हाताला गुण नाही, सोडून दे.’

बाई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. शेवटी ग्रंथालयात जाऊन त्यांनी ग्रंथपालकाकांपुढे सगळं ओकून टाकलं.

“समिती गेल्यावर कळवलं तर, काका? एवढ्यात काय आभाळ कोसळतंय?”

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “उद्धरणांची यादी मीच केलीय, बाई. त्यातली सदुसष्ट आपल्याच लोकांची. तू माझं नाव घे, मी तुझं घेतो! बाकीच्यांतल्या किती जणांनी प्रयोग करून पाहिला, देव जाणे. ही एक पोरगी खरंच राबतेय, तर तिलाच आपण खोटं पाडतोय. उद्धरणं ढीगभर झाली हो, उद्धार कुणाचा झाला?”

“पण संस्थेचं नाक कापलं जाईल!”

“आणि तिनं खरंच सोडून दिलं तर?”

बाईंना स्वतःचीच लाज वाटली. तासाभराने त्या संचालकांसमोर उभ्या होत्या. “पहिल्या पानावरून माझा निबंध काढा.”

“वेड लागलंय का तुम्हाला?” संचालक ताडकन उठले.

“असेल! पण दुरुस्ती मी नियतकालिकाला पाठवून आलेय.”

मग त्यांनी त्या मुलीला लिहिलं: ‘चूक तुझी नाही, पोरी, माझी आहे. उबपेटी दोन अंश वर लाव. सोडू नकोस.’

वाचकहो, आपलं नाव किती जण घेतात हे मोजत बसण्यापेक्षा आपल्या शब्दावर विसंबून कोण राबतंय, ते बघा. चूक कळूनही आपण गप्प बसलो, तर त्याची शिक्षा दुसरंच कुणीतरी भोगत असतं!