डोळे!

वेल्डर तात्यांना ठिणग्यांचं कौतुक ते काय असणार? जन्म गेला ठिणग्यांत. म्हणून बायको म्हणाली, "अहो, आज उल्कावर्षाव आहे, गच्चीवर चला," तेव्हा ते म्हणाले, "त्यापेक्षा दुकानात ये. रोज दाखवतो, तोही जवळून."

बायको हसली नाही. "आपण दोघांनी मिळून आजवर काय पाहिलंय, सांगा बरं? सिनेमाला नेलं तर घोरलात. समुद्रावर गेलो, तिथं पेपर तोंडावर घेऊन झोपलात. एक तारा माझ्याबरोबर बघा. एकच!"

तात्यांना बोलणं चांगलंच झोंबलं. खोटं असतं तर भांडले असते, पण खरं होतं. मुकाट्यानं चटई उचलून ते जिना चढले.

वर आभाळ लख्ख होतं. दोघं शेजारी शेजारी आडवी झाली, आणि पाठ टेकते न टेकते तोच बायको ओरडली, "डोळे! डोळे उघडे ठेवा, तो बघा!"

"पाहिला, पाहिला," तात्या म्हणाले.

"कुठून कुठं गेला?"

"वरून खाली. आणखी कुठं जाणार?"

"आडवा गेला हो! माझ्याशी लबाडी?"

दुसऱ्या वेळी तेच. "डोळे!" आणि तात्यांसमोर मिट्ट काळोख. तिसऱ्या वेळी तर त्यांनी कसून तयारी केली होती, तरी ये रे माझ्या मागल्या! बायको रागावली असती तर परवडलं असतं. ती नुसतीच कुशीवर वळली. एवढं साधं मागणं, तेही आपल्याच्यानं होऊ नये?

मग एकदम त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, तू 'डोळे' म्हणू नकोस!"

"का बरं?"

"दुकानात आम्ही ठिणगी पाडायच्या आधी काय ओरडतो?"

दुकान घराखालीच. रोज दिवसभर ती आरोळी ऐकत तिनं संसार केला होता. 'डोळे!' म्हटलं की दुकानातल्या सगळ्यांनी डोळे मिटायचे. बायको अशी हसत सुटली की तिला ठसकाच लागला. "म्हणजे मीच मेली तुम्हाला मिटायला लावत होते!"

आता तिनं तोंडावर पदर धरला. तात्या डोळे ताणून पडून राहिले. आणि उल्का आली! हिरवट, लांबलचक, अर्ध्या आभाळावर रेघ ओढत गेली. तात्यांचा श्वासच अडकला. "पाहिलीस? काय गेली गं! पाहिलीस ना?"

"नाही," बायको म्हणाली. "तुमचे डोळे उघडे आहेत का, ते बघत होते."

ही बाई जन्मभर हेच करत आली, आणि आपण मेले घोरत पडलो! तात्यांनी तिची हनुवटी धरून हलकेच वर केली.

"माझ्याकडं बघणं पुरे झालं. आता वर बघ. तुला दिसल्याशिवाय मी काही खाली जायचा नाही."

"उद्या दुकान आहे ना?"

"असू दे."

तेवढ्यात दोन उल्का पाठोपाठ सुटल्या, आणि दोघंही एका सुरात ओरडली, "अगंबाई!"

त्यातला मोठा आवाज तात्यांचा होता.