महाराजांचं पाणी आणि दादाची रिळं

सख्ख्या भावाच्या शिंपीकामाच्या दुकानात शिरायला मला कोपरं मारावी लागली, एवढी गर्दी. आत दादाच्या स्टुलावर कोणी एक महाराज बसलेले. हातात दादाचं वीस वर्षांचं जुनं सुती रीळ. धागा ओढला, तटकन तुटला. मग त्यांनी बाटलीतलं पाणी शिंपडलं, काहीबाही पुटपुटले, पुन्हा ओढला. तुटेना!

"धागा मरत नसतो, रुसतो! आम्ही त्याची समजूत काढतो."

समजूत म्हणे! लोकांनी हात जोडले. दादाला जाऊन महिना झाला होता. तेव्हापासून मला ना रडू येत होतं, ना राग. नुसती बधिर झाले होते.

वहिनीनं त्याच ओल्या धाग्यानं नातवाची झोळी शिवायला घेतली. कापड दादानंच बेतून ठेवलेलं.

"त्यांच्याच धाग्यानं शिवते, वन्सं. तेवढाच त्यांचा हात बाळाला लागेल."

मी जन्मभर शाळेत शिवणकाम शिकवलं. दादाचं दुसरं रीळ उचललं, नळाखाली धरलं, धागा ओढला. तोही तुटेना.

"महाराज, आमचा नळही सिद्धपुरुष निघाला की! अहो, सुती धागा ओला असला की जरा जास्त ताण सोसतो. वाळला की ये रे माझ्या मागल्या."

"श्रद्धा कमी पडली तर तुटणारच!"

"मग बसा ना वाळेपर्यंत. घाई कसली?"

महाराजांना नेमकं तेव्हाच कुठलंसं बोलावणं आठवलं.

शिवून झालेली झोळी दुपारभर उन्हात वाळवली. मग आढ्याला टांगून मी तिच्यात पाच किलो पिठाची पिशवी ठेवली आणि एक झोका दिला. शिवण टराटरा उसवली. पिशवी फरशीवर आपटून फुटली.

वहिनी सांडलेल्या पिठाकडे बघत राहिली. जिंकल्याचा आनंद मला कणभरही झाला नाही.

"मग त्यांचं काय उरलं हो?" तिनं विचारलं.

"हे माप त्याचंच आहे, वहिनी. कात्रीही त्यानंच चालवली. रिळं हवी तर जन्मभर जप, पण कुजलेला धागा मंत्रानं पक्का होत नाही. कोणी काहीही सांगो, बाळाचा भार टाकण्याआधी आपल्या हातानं ओढून बघावं. त्यात दादाचा काही अपमान नाही."

उरलेले टाके उसवून तिनं कापड झटकलं आणि माझ्यापुढे हात केला.

"नवं रीळ द्या."