पोचला म्हणणारा थर

क्रांती सरनोबतने तीन वर्षं खपून अ‍ॅप आणि टेलिफोन कंपन्या यांच्यामधला सॉफ्टवेअरचा जो थर बांधला होता, त्याचा तिला अभिमान होता. अ‍ॅप लिहिणाऱ्याने फक्त ‘पाठव’ म्हणायचं. निरोप कुठल्या सर्व्हरवरून, कुठल्या टेलिफोन कंपनीतून जातो, वाटेत एखादी लाइन तुटली तर काय करायचं, ते सगळं थर बघणार. “खाली काय चाललंय हे तुला कळायलाच नको,” असं ती शिवाजी पेठेतल्या ऑफिसात प्रत्येक नव्या माणसाला सांगायची.

तेजस्वी त्यांच्यातलीच एक. तिने त्या थरावर नदीकाठच्या गावांसाठी पुराच्या इशाऱ्याचं अ‍ॅप लिहिलं होतं.

ऑगस्टमधल्या एका दुपारी धरणाचे दरवाजे उघडले. दोन वाजून दहा मिनिटांनी तेजस्वीने बावीस गावांतल्या सगळ्या मोबाइलवर इशारा सोडला. मिनिटभरात बावीसही नावांपुढे हिरव्या अक्षरांत ‘पोचला’ उमटलं.

पावणेतीनला तिचा फोन वाजला. एका गावचे सरपंच गणपतराव बोलत होते.

“ताई, शेजारच्या गावची माणसं जनावरं घिऊन रस्त्याला लागल्यात. आमच्यात कुणाच्याच फोनवर काय आलं न्हाय. पाणी येणार हाय का न्हाय?”

“येणार आहे! साडेचारपर्यंत. सगळ्यांना बाहेर काढा!”

“आन् इतका येळ गप का बसलासा?” फोन कट झाला.

तेजस्वी क्रांतीच्या टेबलाशी धावली. “ताई, पोचला म्हणतंय, पण पोचलेला नाही.”

“तुझ्या अ‍ॅपात बघ. थर ठीक आहे.”

“माझ्यात बघायला आहेच काय? एक ओळ! खालचं सगळं तुम्हीच झाकून ठेवलंय की!”

क्रांतीने थराच्या नोंदी उघडल्या. दोन लाइनींपैकी एक दुपारपासून तुटलेली होती. थराने त्या बाजूचे निरोप रांगेत ठेवले होते आणि वर ‘पोचला’ असं कळवून टाकलं होतं. ‘घेतला’ आणि ‘पोचला’ यांतला फरक अ‍ॅपवाल्याला कशाला, असं तिनेच थर बांधताना ठरवलं होतं.

“नऊ गावं,” ती म्हणाली. “रांगेत पडून आहेत.”

“मग दुसऱ्या लाइनीने सोडा.”

“थर बंद करून चालू करावा लागेल. त्यात रांग पुसली गेली तर कोण राहिलं तेही कळणार नाही.”

तेजस्वीने कागद ओढला आणि नऊ नावं हाताने लिहून घेतली. “करा आता.”

थर उठायला चार मिनिटं लागली. तेवढ्या वेळात तेजस्वी एकेका सरपंचाला फोन लावत होती. तिघांनी उचलला, बाकीचे लागेनात. मग निरोप सुटले. पडद्यावर पुन्हा हिरवं उमटलं, पण आता क्रांतीचा त्यावर विश्वास नव्हता. तीही फोन लावत बसली. “इशारा आला का?” एवढंच विचारायची. नववं गाव तीन चाळीसला लागलं.

“व्हय, आलाय. निघालोय.”

साडेचारच्या सुमारास पाणी गावांत शिरलं. माणसं सगळी वाचली. गणपतरावांच्या गावातल्या बाळाबाईंच्या दोन म्हशी मात्र दाव्यालाच बुडाल्या. गोठा नदीकाठच्या मळ्यात होता आणि तिकडची वाट आधीच पाण्याखाली गेली होती; सोडायला वेळच पुरला नाही.

पाणी ओसरल्यावर क्रांती त्यांच्याकडे गेली. “चूक माझी होती, मावशी. इशारा पोचला नसताना पोचला असं माझ्या कामानं सांगितलं.”

बाळाबाई रिकामं दावं गुंडाळत होत्या. “न्हाय पोचला तर न्हाय म्हणायचं की गं,” त्या म्हणाल्या.

त्या आठवड्यात क्रांतीने थर बदलला. निरोप अडकला की आता अ‍ॅपला तसं कळतं, आणि त्यासाठी अ‍ॅप लिहिणाऱ्या प्रत्येकाला चार ओळी जास्त लिहाव्या लागतात.