जर्बेराचे देठ

आईने जर्बेराचा देठ कात्रीने कापला, तसे बाबा व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून वाफ्यापाशी आले.

"कुसुम, कितीदा सांगायचं? कापलं की बुडखा कुजतो. मुळाशी धरायचं, पिळायचं आणि ओढायचं."

"उपटल्यासारखं वाटतं हो मला ते."

"असं?" म्हणत त्यांनी तिचं मनगट धरून पिळलं. कात्री वाफ्यात पडली. माहेरी आलेल्या वल्लरीने ती उचलली, माती पुसली आणि खिशात घातली.

संध्याकाळी बाबांनी दिवाणखान्यातली फुलदाणी ताज्या फुलांनी भरली. असं काही झालं की ते नेहमी भरत. कर्वेनगरातल्या त्या बंगल्यात वर्षभर फुलं असत.

शेजारच्या श्रद्धाताई विरजण मागायला आल्या. "हौशी आहेत हो तुमचे हे! आमच्याकडे कोथिंबिरीची जुडीही मलाच आणावी लागते." मग त्यांची नजर आईच्या हातावर गेली. "अगंबाई, हे काय?"

"बाथरूममध्ये घसरले."

"घसरली ती," वल्लरी म्हणाली. शाळेत असल्यापासून हे वाक्य तिला न अडखळता येत होतं.

सकाळी आईने हात पुढे केला. "माझी कात्री दे गं."

वल्लरीने दिली. ती घेऊन आई वाफ्याकडे गेली.

दूध तापत होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वल्लरीला बाबांचा हात दिसला. मनगटाशी धरलं, पिळलं, ओढलं. आईचे पाय जमिनीवरून सुटले. कपाळ वाफ्याच्या दगडी कडेवर आपटलं. नारळ फुटावा तसा आवाज झाला. मागे दूध उतू गेलं.

हवालदार आले तेव्हा आई अंगणातच होती, चादरीखाली. बाबांनी वाफ्यातली सगळी फुलं ओढून तिच्यावर वाहिली होती. चादरीबाहेर राहिलेल्या उजव्या हातावर तर ढीगच होता.

"वाफ्याला पाणी घातलं होतं. घसरली," बाबा सांगत होते.

श्रद्धाताईंनी डोळे पुसले. "कालसुद्धा घसरल्या होत्या हो बिचाऱ्या."

हवालदार वळले. "ताई, तुम्ही घरातच होता ना?"

"सांग बाळा त्यांना," बाबा म्हणाले.

वल्लरी आईशेजारी बसली. हातावरचं एकेक फूल उचलून तिने जमिनीवर ठेवलं. शेवटचं फूल निघालं, तशी बोटांची खूण दिसली. कालची जांभळी, तिच्यावर आजची लाल. तिने तो हात हवालदारांसमोर धरला.

"आई घसरली नाही," ती म्हणाली. मग श्रद्धाताईंकडे पाहिलं.

"कालही नाही. कधीच नाही."