मयताच्या घरची चूल

“पार्वताबाई, मेंढपाळ आपल्या मेंढरांना टाकून जात नसतो,” वामनराव म्हणाले आणि डोळे मिटून त्यांनी पुन्हा प्रार्थना सुरू केली.

पार्वताबाई भिंतीला टेकून बसली होती. दुपारीच तिच्या नवऱ्याला, महादेवला, मूठमाती दिली होती. अमरावतीच्या कापूसबाजारात गाठी बांधणारा धडधाकट गडी, पटकीने एका रात्रीत नेला. अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. लोक बैलांच्या शिंगांना चांदी मढवत होते. त्या सुबत्तेचे पटकीला काय कौतुक!

वामनराव नगरकडून आलेले मिशनचे उपदेशक. दुःखिताचे सांत्वन कसे करावे, हे ते मन लावून शिकले होते. आधी जवळ बसावे, ऐकावे, मग आशेचे शब्द बोलावेत. त्यांनी सगळे यथासांग केले. कोपऱ्यात पार्वताबाईची लहान लेक मुसमुसत होती. ती बापासाठी रडते आहे, असेच त्यांनी धरले आणि ते निघाले.

घरी त्यांच्या बायकोने, दुर्गाबाईने, ताट वाढले. ती चांदूर बाजारची, तोंडाने फटकळ.

“त्यायच्या घरी भाकर कोनं नेली?”

“भाकर?”

“अवो, मयताच्या घरी चूल पेटवत नाई. शेजारचे भाकर आनतात. पन हे किरिस्ताव झाले, आता त्यायच्या दारात कोन येते? आपनच त्यायचे शेजारी, आपनच गोत. तुमी काय नेलं?”

“मी प्रार्थना केली.”

“धनगर आधी मेंढरं चारते, मंग हाका मारते.”

वामनरावांचा घास हातातच राहिला. मेंढपाळाची सगळी कर्तव्ये त्यांना तोंडपाठ होती, चारणे तेवढे विसरले होते. लाजेने त्यांना ताटाकडे पाहवेना. दुर्गाबाईने तोवर भाकरी-पिठले फडक्यात बांधलेही होते.

दोघे पोचली तेव्हा दिवस नुकताच बुडाला होता आणि पार्वताबाईच्या दारातून धूर येत होता. चुलीवर तवा होता, तव्यावर भाकर.

“पोरगी भुकेनं रडून राहिली होती,” ती त्यांच्याकडे न पाहता म्हणाली. “दिवस बुडेपर्यंत वाट पाह्यली. कोनी आलं नाई. ज्याच्या कष्टावर हे चूल पेटे, त्याच्याच मातीच्या दिवशी म्या माह्या हातानं पेटवली.”

“मी चुकलो, बाई,” वामनराव म्हणाले आणि उंबऱ्यापाशी जमिनीवर बसले. आता मात्र त्यांनी डोळे मिटले नाहीत.

दुर्गाबाईने भाकर मोडून आधी पोरीला दिली, मग पार्वताबाईपुढे धरली. तिने ती लगेच घेतली नाही. तवा खाली उतरवला, अर्धीकच्ची भाकर बाजूला सारली. मग भरला तांब्या उचलून सगळे पाणी जळत्या चुलीत ओतले. राख उसळली, खोलीभर धूर कोंदला.

चूल पुरती विझली की नाही, हे तिने वाकून पाहिले. पदर डोक्यावर घेतला आणि शेजारणीची भाकर दोन्ही हातांत घेतली.